खरी शुगर

बाबा, तुम्ही कशाने गेलात हे गेले पंधरा दिवस सगळ्या गल्लीला सांगून झालं, आणि एकाचाही विश्वास बसलेला नाही. येणारा माणूस दाराशी चप्पल काढतो, सतरंजीवर बसतो, तुमच्या फोटोकडे पाहतो आणि हळू आवाजात विचारतो, काय झालं होतं? आई म्हणते, शुगर कमी झाली. मग तो मान हलवतो. ती मान कशी हलते ते मला पाठ आहे, आठ वर्षांची होते तेव्हापासून पाहत आले आहे. हो का, अरेरे, शुगर फार वाईट, असं म्हणायचं आणि नजर दुसरीकडे न्यायची. तीस वर्षं लोकांनी आपल्यावर एवढी मेहेरबानी केली की आपलं खोटं कधी आपल्या तोंडावर उघडं पाडलं नाही. आता आपण खरं सांगतोय, तर तीच मेहेरबानी आडवी आली.

तेरवीला तुमच्या जमीन मोजणीच्या ऑफिसातले दोघं आले होते. तुमच्या अक्षराचं, तुमच्या नकाशांचं कौतुक करत होते. असा हात पुन्हा खात्यात होणार नाही म्हणाले. मी ऐकून घेतलं, चहा दिला. जन्म, नोकरी, सेवानिवृत्ती, हे सगळं ते सांगतीलच. मला तुमच्याशी दुसरंच बोलायचं आहे, आणि ते समोरासमोर बोलायची सोय मीच ठेवली नाही.

तो शब्द आपल्या घरात कसा आला ते तुम्हाला आठवणार नाही. तुम्ही तेव्हा आठवण्यासारख्या अवस्थेत नव्हता. मी तिसरीत होते. संध्याकाळची वेळ, नळाला पाणी आलेलं, सगळ्या बाया गुंड-कळशा घेऊन बाहेर. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या रशीदचाचांची स्कूटर आली. मागे तुम्ही, आणि तुम्हाला धरून चाचांचा भाऊ. नळावरचं बोलणं एकदम थांबलं. चाचांनी एकदा बायांकडे पाहिलं, एकदा दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आईला म्हणाले, "भाभी, साब की शुगर कम हो गई. जरा आराम करने दो."

आईने नळावरच्या बायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "सकाळपासून जेवले नाहीत नं, म्हणून."

बस. एकाने मायेपोटी सुरुवात केली आणि दुसरीने लाजेपोटी पुढे नेलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू कारल्याचा रस घेऊन हजर. कोणी मेथीदाणे सांगितले, कोणी जांभळाच्या बियांची पूड. आईने सगळं घेतलं, सगळ्यांचे आभार मानले आणि मोरीत ओतलं. त्यानंतर तुम्ही ऑफिसला गेला नाहीत की शुगर. कोणाच्या लग्नातून लवकर उठलात की शुगर. माझ्या शाळेत पालकसभेला कोणीच आलं नाही की मी उभी राहून सांगायची, बाई, माझ्या बाबांची शुगर कमी झाली. बाई मान हलवायच्या. अगदी तशीच.

त्यातली गंमत आठवते का? हो, गंमतच म्हणते, रडून रडून किती रडायचं. पंगतीत वाढपी जिलबीचं ताट घेऊन तुमच्यापुढून न थांबता पुढे जायचा. घरच्यांनी त्याला सांगून ठेवलेलं असायचं की साहेबांना शुगर आहे. आणि तुम्हाला तर जिलबी म्हणजे जीव की प्राण. तुम्ही माझ्या पानाकडे असे पाहायचा की मला हसू आवरायचं नाही. मी अर्धी तोडून तुमच्या वरणभाताच्या आड सरकवायची, तुम्ही इकडेतिकडे बघून गपकन तोंडात टाकायचा. आपल्या त्या खोट्यात आपण दोघंच असे एका बाजूला असायचो तेव्हा मला फार आवडायचं. आईला कधी सांगितलं नाही.

आता वासाचं सांगते. तुम्हाला हे अर्धंच माहीत आहे.

साडेसहाला फाटकाची कडी वाजायची. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "जाय, बाबाची पप्पी घे." मी धावत यायची. तुम्ही वाकायचा, गाल पुढे करायचा. मी पप्पी घेताना नाकाने श्वास आत ओढायची आणि परत स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगायची, आहे. किंवा नाही. नाही म्हटलं की आई भजी तळायला घ्यायची, तिचा आवाज बदलायचा. आहे म्हटलं की गॅस बारीक, खिडक्या बंद, टीव्हीचा आवाज मोठा, तुम्ही मधल्या खोलीत पडलात की दाराला बाहेरून कडी. जेवणाचं ताट झाकून ठेवायचं. कोणी आलंच तर शुगर.

तुम्ही हुशार होता. बडीशेप खायला लागलात. शर्टाच्या डाव्या खिशात कागदाची लहानशी पुडी असायची. पण तुमची पोरगी तुमच्याहून हुशार निघाली. मी पप्पी घेता घेता खिसा चाचपायची. पुडी हाताला लागली की वास घ्यायचीही गरज नसायची. पुडी म्हणजे आहे. हे मी कोणी न शिकवता शिकले आणि बाबा, हे मी कधी विसरले नाही.

तुमचं एकच म्हणणं असायचं. दारूचा विषय निघाला की तुम्ही म्हणायचा, "मी कोणाले मारलं काय? तुह्या आईले, तुले, कधी हात लावला काय?" नव्हता लावला. खरं आहे. गल्लीतल्या दोन घरांतून रोज मारझोडीचे आवाज यायचे, आपल्या घरातून फक्त टीव्हीचा यायचा. तुम्ही त्यावर फार समाधानी होता. मी कॉलेजात गेल्यावर तुमच्याशी भांडायला लागले ते यावरूनच. मारलं नाही म्हणजे काहीच केलं नाही काय? मी आजवर एकाही मैत्रिणीला घरी बोलावलं नाही. दहावीच्या अभ्यासाला बसायची तर निम्मा कान फाटकाकडे. लग्न झालं, चांगला नवरा मिळाला, चहाशिवाय कशाला शिवत नाही, तरी तो घरी आला की मी जवळ जाऊन नकळत नाकाने श्वास ओढते. त्याला वाटतं प्रेम आहे. राळेगावच्या माझ्या शाळेत एखादं लेकरू शाळा सुटताना दप्तर भरायला मुद्दाम उशीर लावतं, तेव्हा मला त्याला काही विचारावं लागत नाही. मी त्याला खडू नीट लावून ठेवायला सांगते, फळा पुसायला सांगते. तेवढीच त्याची पंधरा मिनिटं.

हे सगळं मी तुम्हाला सांगितलं नाही. तुमच्या त्या एका वाक्यापुढे माझं बोलणंच खुंटायचं. मग दोन-दोन महिने अबोला.

पण रविवारच्या सकाळीही होत्या. रविवारी दुपारपर्यंत तुमचा हात स्थिर असायचा. पुढच्या खोलीत तुमचं उतरतं टेबल, त्यावर ट्रेसिंगचा कागद, शाईच्या दौती. पाचवीत मला भूगोलाला जिल्ह्याचा नकाशा काढायचा होता. तुम्ही पुस्तक न बघता काढलात. वर्धा नदी कुठून वळते, पैनगंगा कुठे हद्द धरते, पूस कुठे जाऊन मिळते. मग लाल शाईचा टिपका देऊन म्हणालात, हे आपलं पुसद, आणि या टिपक्यात तू बसली आहे. मी विचारलं, तुम्ही कुठे? तुम्ही म्हणालात, तुह्या बाजूले. तो नकाशा माझ्याकडे अजून आहे. माझ्या वर्गातल्या पोरांना मी तोच दाखवते.

तीन वर्षांपूर्वी राळेगावला आलात, माझ्या परीच्या वाढदिवसाला. एसटीतून उतरून फाटकातून आत आलात तेव्हाच चालीवरून कळलं. परी सहा वर्षांची. आबा आले म्हणून धावत सुटली, आणि मी एवढ्या जोरात ओरडले की सगळे पाहुणे वळले. तिचा हात धरून मागे ओढली. फ्रॉकची शिवण उसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दारापुढच्या ओट्यावर चहा घेत बसला होता, शुद्धीवर, आणि उलट मलाच रागवायला लागलात. पोरगी लाडानं येत होती, तिले काहून ओढलं? मी कोणाले मारलं काय? तूही अशीच धावत येत होती, मनू, तुले कधी काही झालं काय?

तेव्हा माझ्या तोंडातून निघालं. "मी पप्पी घ्याले नव्हती येत, बाबा. वास घ्याले येत होती. आई पाठवत होती."

तुम्ही कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच होता. मग पिशवी घेतली आणि पुसदच्या गाडीला बसलात.

त्या दिवसानंतर तुम्ही थेंबाला शिवला नाहीत. आधी कितीदा सोडली होती, कितीदा धरली होती. या वेळी आठ दिवस दवाखान्यात काढले, हात इतके थरथरायचे म्हणे की आई चमच्याने पाणी पाजायची, भिंतीवर मुंग्या दिसायच्या तुम्हाला. पण सोडली. महिन्याभराने तुमचा फोन आला. तुम्ही फोनवर कधी धड बोलला नाहीत, त्या दिवशी बोललात. म्हणालात, "मनू, एक मागतो. आता मी येईन तेव्हा वास नको घेऊ. विश्वास ठेव." मी म्हटलं, ठेवते. तुम्ही म्हणालात, शपथ? मी म्हटलं, शपथ.

वर्षभराने मधल्या सुट्टीत आईचा फोन. म्हणाली, बाबाले शुगर निघाली. मी विचारलं, कधीपासून? आई म्हणाली, डॉक्टर म्हणते चार-सहा महिने झाले असतीन. मी म्हटलं, चार-सहा महिने, आणि तू मला आज सांगतेस? कुठून आणतात, कोण आणून देतं? आई गोंधळली. मग तिच्या लक्षात आलं आणि ओरडली, "अवं खरी शुगर! खरीखुरी!" आणि आम्ही दोघी हसायला लागलो बाबा. मी शाळेच्या व्हरांड्यात, ती तिकडे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मागून तुमचा आवाज आला, हसा, हसा, तीस वर्षं नाव घेत होता, आली शेवटी पाहुणी. त्या दिवसापासून आपल्या घरात दोन शुगरी झाल्या. एक आपली आणि एक खरी.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की दारूने स्वादुपिंड जळून गेलंय, म्हणून इंजेक्शन लागणार, आणि अशा माणसाची शुगर चढते तशी खाली पण झपकन येते. आईने सगळं मला फोनवर वाचून दाखवलं. घाम येते, हातपाय कापते, जीभ जड होते, झोक जाते, माणूस चिडचिड करते. लगेच गोड द्यायचं. मी म्हटलं, म्हणजे अगदी प्यायल्यासारखंच. आई म्हणाली, हो वं, अगदी तसंच.

म्हणजे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोयही मला नाही.

डिसेंबरमध्ये आई दिग्रसला मावशीकडे वास्तुशांतीला गेली. तुम्हाला एकटं नको म्हणून मी दोन दिवस सुट्टी टाकून आले. सकाळी तुम्ही इंजेक्शन घेतलंत, मी अंघोळीला निघाले होते, तुम्ही म्हणालात, येतोच. कुठे चाललात ते सांगितलं नाहीत. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. पावणेदहाला फाटकाची कडी वाजली. ती कशी वाजली ते ऐकूनच मी जाग्यावर उभी राहिले. तीन वर्षांत विसरले असेन असं वाटलं होतं. एवढुसंही विसरले नव्हते.

तुम्ही दाराची चौकट धरून उभे होता. शर्ट ओला. एवढ्या गारठ्यात घाम कशाचा, हा प्रश्न मला पडायला पाहिजे होता. मी शपथ पाळली बाबा. तुमच्याजवळ येऊन वास घेतला नाही. घेतला असता तर कळलं असतं. विश्वास ठेवायची शपथ मात्र तेवढ्या वेळात मोडून झाली होती.

तुमची जीभ वळत नव्हती. तुम्ही म्हणालात, "मनू... शुगर."

मी म्हटलं, "माहीत आहे मले तुमची शुगर."

"खरी..." तुम्ही म्हणालात. "खरी..."

"तुमची नेहमी खरीच राह्यते."

तुमचा हात सारखा डाव्या खिशाकडे जात होता आणि खिसा चुकत होता. मी पाहिलं. खिशात फुगवटा होता. मी हात घातला आणि पुडी बाहेर काढली. कागदाची, तशीच, लहानशी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुम्ही माझं मनगट धरलंत, घट्ट धरलंत, आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझ्याशी जोर केलात, आणि मला वाटलं, बघा, आता हेही सुरू झालं. मी हात सोडवून घेतला. पुडी टीव्हीच्या वरच्या फळीवर फेकली. तुम्हाला ओढत मधल्या खोलीत नेलं, खाटेवर टाकलं, बाहेरून कडी लावली. टीव्हीचा आवाज मोठा केला. हातांना सगळं पाठ होतं.

आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. हे लिहिताना माझी मलाच शिसारी येते, पण वाटलं. इतकी वर्षं मी म्हणत होते की हा माणूस सुधारणार नाही, आणि तीन वर्षं तुम्ही मला खोटी पाडत होता. त्या सकाळी मी जिंकले असं वाटलं. तुम्ही आतून दोनदा काहीतरी म्हणालात. टीव्हीमुळे ऐकू आलं नाही.

बाराला आईचा फोन आला. तुम्ही इंजेक्शन घेतलं का, तिने विचारलं. मी म्हटलं, घेतलं. मग खायले काय देलं? माझी नजर मधल्या खोलीच्या कडीवर गेली. "मने, खायले काय देलं त्याईले?" आई पुन्हा म्हणाली. मी फोन तसाच टाकला आणि कडी काढली.

पुढचं तुम्हाला माहीत नाही. रिक्षात तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखान्यात बोटाला सुई टोचली, आकडा बघून नर्स धावत गेली. सलाइनमधून साखर दिली तोवर फार उशीर झाला होता. डॉक्टरांनी विचारलं, हे असे किती वेळ होते? मी म्हटलं, अर्धा तास. सव्वादोन तास, बाबा. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. आपल्या घरची सवय आहे ती, जीभ आपोआप वळते. दोन दिवस तुम्ही होता, पण नव्हताच. तिसऱ्या दिवशी पहाटे गेलात.

आई दिग्रसहून आली तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर तिने मला पहिला प्रश्न विचारला, खिशात पुडी होती नं त्याईच्या? मी बांधून देली होती. खडीसाखरेची. मी म्हटलं, पाहिली नाही. घरी येऊन मी खुर्चीवर चढले आणि फळीवरून पुडी काढली. वर्तमानपत्राचा कागद, आईच्या हाताची घडी. आत खडीसाखरेचे सहा खडे होते. त्यातला एक मी जिभेवर ठेवून पाहिला. का पाहिला ते मला सांगता येत नाही.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. आई तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर पुडी ठेवली आणि सांगितलं. सगळं. कडी, टीव्ही, सव्वादोन तास. तिचा हात तांदळात थांबला. ती रडली नाही, मला बोललीही नाही. मला वाटलं एक ठेवून देईल, दिली असती तर बरं झालं असतं. एक खडा वेचून बाजूला टाकत म्हणाली, "माह्या हातूनही तेच झालं असतं." मग ताट उचललं, उठली, आणि स्वयंपाकघराच्या दारातून वळून न बघता म्हणाली, "बाहेर नको सांगू. कोणी विचारलं तं शुगर कमी झाली म्हण."

म्हणजे बघा. तुम्ही ज्या खऱ्याने गेलात, ते खरंही आम्ही पुन्हा काहीतरी झाकायलाच वापरलं.

मी गप्प बसणार होते. पण परवा रशीदचाचा आले, चहाही न घेता बसून राहिले, आणि निघताना दाराबाहेर मला हळूच विचारलं, बेटा, सच बता, फिर शुरू की थी क्या? मी खाली त्यांच्या चपलांकडे पाहिलं. चाचांनी मान हलवली. तीच मान. ज्या माणसाने तुम्हाला तीस वर्षं स्कूटरवर घालून घरी आणलं, तोही तुम्ही पिऊन मेलात असं समजून घरी गेला. ते मला सहन झालं नाही. माझं काय व्हायचं ते होवो.

काल भर दुपारी पुडी घेऊन गॅरेजवर गेले. चाचा एका मोटरसायकलखाली बसले होते. उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांनी पाना खाली ठेवला, हात पुसायचे म्हणून फडक्याला पुसत राहिले, हात कधीच कोरडे झाले होते. मग म्हणाले की त्या सकाळी तुम्ही इथे आला होता. या बाकड्यावर बसला होता. हातात पिशवी होती, तर्रीपोह्यांची. लेक आली आहे, तिला आवडतात, म्हणून बस स्टँडपर्यंत चालत जाऊन आणले होते तुम्ही. उपाशीपोटी, इंजेक्शन घेऊन. बाकड्यावर बसता बसता तुमची जीभ जड झाली. तुम्ही चाचांनाही म्हणालात, शुगर. चाचांना वाटलं, साहेबांची गाडी पुन्हा घसरली. तुम्हाला शरम वाटू नये म्हणून त्यांनी तोंड फिरवलं आणि कार्बोरेटर साफ करत बसले. तुम्ही उठून निघालात. पिशवी बाकड्यावरच राहिली.

"वो लफ्ज मेरा दिया हुआ था, बेटा," चाचा म्हणाले. "तुम्हारे घर को मैंने दिया था."

आम्ही दोघं तिथे बाकड्यावर बसलो. समोरचा पानठेलेवाला आला, माझ्याकडे पाहून म्हणाला, साहेबांचं वाईट झालं, काय झालं होतं म्हणे? चाचा उभे राहिले. तिसरीत ऐकला होता तसा त्यांचा आवाज निघाला, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असा. "साब ने पी नहीं थी. शुगर थी. असली वाली. हम लोग नहीं समझे."

पानठेलेवाल्याने मान हलवली. हो का, अरेरे, शुगर फार वाईट. आणि रस्त्याकडे पाहायला लागला.

ठीक आहे. मी राळेगावला जायच्या आधी प्रत्येक घरी जाणार आहे. कडीचं, पुडीचं सगळं सांगणार आहे. त्याशिवाय त्यांना पटणार नाही. आई बोलणार नाही माझ्याशी काही दिवस, मला ठाऊक आहे. तुम्ही दोन वर्षं आणि किती तरी महिने कोरडे होता आणि कोरडेच गेलात, एवढं तरी तुमच्या नावावर राहू द्या.

आणि एक राहिलं. ते मी तुम्हाला ओट्यावर त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं, कपात अर्धा चहा होता तेव्हा. मी रागात होते. नंतर फोनवर सांगू म्हटलं, पुसदला आले की सांगू म्हटलं, त्या सकाळीही अंघोळ करून आले की सांगणारच होते. वास घ्यायला येत होते हे खरं. आई पाठवायची हेही खरं. पण रविवारी सकाळी तुम्ही टेबलाशी नकाशा काढत बसायचा, तेव्हा आई मला पाठवत नव्हती, बाबा. तेव्हाही मी येत होते.